स्वतःच्या भाषेचा पेपर

जी भाषा घरात शिकावी लागत नाही ती विद्यापीठात जाऊन शिकायची, म्हणजे नेमके काय शिकायचे, हा प्रश्न वरवर शैक्षणिक दिसतो. मुळात तो धर्मविचारातला आहे. पवित्र काय, शब्द की अर्थ? पुण्य शुद्ध उच्चाराने लाभते की समजण्याने? देवाला कोणती भाषा कळते? भारतात भाषेचा अभ्यास सुरू झाला तो या वादांच्या पोटी. व्याकरण हे वेदाचे एक अंग मानले गेले, कारण मंत्र चुकला तर यज्ञ बिघडतो. आधुनिक विद्यापीठाने यज्ञ बाहेर ठेवला, पण चूक म्हणजे काय याची कल्पना मात्र आत घेतली.

हा वाद जमिनीवर उतरलेला पाहायचा तर भंडारा जिल्ह्यातले वरठी सोयीचे आहे. मोहाडी तालुक्यातले हे गाव हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावर आहे आणि तिथल्या स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’. गाव वरठी, पाटी भंडाऱ्याची. बाहेरच्या प्रवाशाला वरठी हे नाव सहसा कळतही नाही. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना इथेच असल्याने कामगारवस्तीत मराठीबरोबर हिंदी आणि छत्तीसगढी कानावर पडते. आसपासच्या खेड्यांत झाडीबोली आहे, पोवार समाजाची पोवारी आहे. या भागातला विद्यार्थी बी.ए.ला मराठी घेतो किंवा एम.ए.साठी सकाळची गाडी पकडून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला जातो, तेव्हा तो ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली येतो ते १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. औपचारिक शालेय शिक्षण फारसे न झालेल्या, खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव फिरलेल्या आणि ‘ग्रामगीता’ साध्या ओवीत लिहिणाऱ्या माणसाचे नाव पदवीच्या कागदावर छापले जाते. भाषेच्या प्रश्नाची अर्धी गुंतागुंत या एका नावात आहे.

सगळ्यात जुने आणि सगळ्यात प्रामाणिक उत्तर पतंजलीचे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ‘महाभाष्य’ लिहिताना त्याने अडचण लपवली नाही. एका शुद्ध शब्दाचे कितीतरी अपभ्रंश लोकांत चालतात, आणि अर्थ तर दोन्हींनी सारखाच कळतो. मग शुद्ध शब्दाचा आग्रह कशासाठी? त्याचे म्हणणे असे की समजण्याच्या बाबतीत दोन्ही समान असले तरी धर्म, म्हणजे पुण्य, शुद्ध शब्दाच्या वापरानेच मिळते. हा नियम धर्माने घातलेला आहे, अर्थाने नव्हे. भूक कशानेही भागते, तरी काय खावे आणि काय खाऊ नये याचे नियम असतातच, अशा धर्तीचा दाखला तो देतो.

आजच्या भाषेच्या परीक्षेचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. वरठीच्या विद्यार्थिनीने उत्तरपत्रिकेत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिले तर तपासणाऱ्याला अर्थ कळत नाही असे मुळीच नाही. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ हाच नियम आहे आणि तिच्या घरात चार पिढ्या तेच पाणी प्यायल्या आहेत. तरी लाल रेघ येते. पतंजलीचे पुण्य आता गुणपत्रिकेत मोजले जाते, आणि मराठीने त्यासाठी ‘गुण’ हा नीतीतलाच शब्द निवडला आहे. फरक एवढाच की पतंजलीने आपला नियम धर्माचा आहे असे उघड सांगितले. विद्यापीठ तोच नियम भाषेच्या स्वभावातून आल्यासारखा वागवते.

पतंजलीच्या मागे-पुढे हा वाद दर्शनांत पसरला. मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य, कोणी जोडलेला नाही. त्यामुळे वेदाचा शब्द बदलून तोच अर्थ दुसऱ्या शब्दात सांगितला तर तो वेद राहत नाही. नैयायिकांनी हे नाकारले. शब्दाला अर्थ संकेताने मिळतो, ‘या शब्दाने हे समजावे’ असे ठरल्यामुळे मिळतो, असा त्यांचा पक्ष. ‘वाक्यपदीय’कार भर्तृहरी शब्दालाच ब्रह्म म्हणतो, आणि तरीही अपभ्रंशाने अर्थ कसा कळतो याची चर्चा टाळत नाही: ऐकणारा अपभ्रंशावरून आधी मूळ शुद्ध शब्द आठवतो की थेट अर्थावर पोचतो? शुद्ध शब्द कधी ऐकलाच नाही अशा माणसालाही अर्थ कळतो, ही अडचण त्या काळीही माहीत होती. आज बालशिक्षणात मातृभाषेचा मुद्दा याच अडचणीवर उभा आहे, फक्त त्याला भर्तृहरीचे नाव लावले जात नाही.

दुसरे उत्तर बुद्धाचे. विनयपिटकातल्या ‘चुल्लवग्गा’त कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या, गोड वाणीच्या दोन भिक्षूंनी तक्रार केली की निरनिराळ्या कुळांतून आणि प्रांतांतून आलेले लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात; तेव्हा ते छंदसात, म्हणजे वेदासारख्या संस्कारित भाषेत घालावे. बुद्धाने त्यांना फटकारले आणि वचन ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या भाषेत, शिकावे अशी मोकळीक दिली. पण स्वतःच्या म्हणजे कोणाच्या? शिकणाऱ्याच्या, की बुद्धाच्या? पाचव्या शतकात श्रीलंकेत अट्ठकथा लिहिणाऱ्या बुद्धघोषाने ‘बुद्धाच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे मागधीत’ असा अर्थ लावला. अनेक आधुनिक अभ्यासकांना पहिला अर्थ संदर्भाला धरून वाटतो, आणि तक्रारीचा मजकूर पाहता तोच सरळ आहे. बुद्धघोषाच्या अर्थाने मात्र इतिहास घडवला. लोकांची बोली म्हणून निवडलेली भाषा ‘पाली’ झाली, तिला कच्चायनाचे व्याकरण मिळाले, आणि ज्या देशांत ती कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती तिथे भिक्षू ती पाठ करू लागले.

लोकभाषा एकदा धर्मग्रंथाची भाषा झाली की गोठते, याचा दुसरा पुरावा वरठीपासून फार लांब नाही. वैनगंगेच्या काठी, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर, आंभोरा हे तीर्थ आहे. मुकुंदराजाने ‘विवेकसिंधु’ इथे लिहिला, असे विदर्भातले अनेक अभ्यासक मानतात. मराठवाडा हा मान अंबाजोगाईला देतो. स्थळाचा वाद मिटलेला नाही, पण ग्रंथाचा काळ म्हणून शके १११०, म्हणजे ११८८, हे साल सांगितले जाते, आणि अद्वैतासारखा संस्कृतात बंद असलेला विषय मराठीत मांडता येतो हे त्याने दाखवले, याबद्दल दुमत नाही. पुढच्या शंभर वर्षांत चक्रधरांनी मराठीला महानुभाव पंथाची भाषा केले. ‘लीळाचरित्रा’त त्यांचा एक अनुयायी नीळभट्ट भांडारेकार म्हणून येतो; भंडारा त्याच्या नावातच आहे. चक्रधरांनंतर नागदेवाचार्यांच्या काळात केशिराज हा संस्कृत पंडित संस्कृतात रचना करू लागला, तेव्हा नागदेवांनी त्याला थांबवले. त्यांची हरकत विद्वत्तेला नव्हती. असे झाले तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, असे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेले आहे. भाषेच्या निवडीचे इतके स्वच्छ कारण मराठी धर्मसाहित्यात दुसरे नसेल: जी भाषा सर्वांत कमी शिकलेल्या बाईला कळते, ती धर्माची भाषा.

आणि याच पंथाने चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सकळ लिपीत, सुंदरी लिपीत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून बनवलेल्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. पावित्र्य जपणे, परक्यांच्या हाती वचने जाऊ न देणे, आक्रमणांच्या काळात ग्रंथ सांभाळणे, अशी कारणे दिली जातात. परिणाम असा की म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवलेला मजकूर सुमारे पाचशे वर्षे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी आणि काही महंतांच्या सहकार्याने लिपीची किल्ली बाहेर आली. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मराठी वाचकांना तेव्हा भेटला. विदर्भात य. खु. देशपांडे आणि ह. ना. नेने यांनी हे काम पुढे नेले. १९३०च्या दशकात नेन्यांनी नागपुरातून ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध केले.

दरम्यान मराठी हा शिकण्याचा ‘विषय’ झाला होता, आणि तोही धर्मप्रसाराच्या गरजेतून. सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश काढला. हेतू बायबलचे भाषांतर. त्यांचे मराठी पंडित वैजनाथशास्त्री नागपूरकडचे होते. म्हणजे छापील मराठीच्या पहिल्या पाठांवर पूर्वेकडच्या मराठीची छाया होती. मानक मराठीचा वारसा पुढे पुण्याकडे गेला. मिशनऱ्यांची भूमिका भाषेच्या तत्त्वज्ञानात नैयायिकांच्या जवळची: अर्थ शब्दातून सोडवून दुसऱ्या शब्दात घालता येतो, तेव्हा देववचनही भाषांतरित होते. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी इंग्रजी व्याकरणांच्या चौकटीवर मराठीचे व्याकरण लिहिले. हेच दादोबा पुढे जातिभेद मोडणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांत होते. शब्दांच्या विभक्त्या लावणारा माणूस माणसांच्या विभागण्या मोडू पाहत होता, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दोन्हीकडे त्याचा विश्वास एकच होता, की नियम तपासून पाहता येतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची, पण १८६०च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर पडल्या. संस्कृत, अरबी, फारसी, लॅटिन या ‘अभिजात’ भाषांना जागा होती, मराठीला नव्हती. बाजारात आणि घरात जी आपोआप येते तिचा अभ्यास काय करायचा, असा आक्षेप होता. न्यायमूर्ती रानडे यांनी सिनेटमध्ये वर्षानुवर्षे बाजू लढवली आणि १९०१ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या सुमारास, देशी भाषांना एम.ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. रानडे प्रार्थना समाजाचे होते आणि संतपरंपरेकडे ते धर्मसुधारणेची चळवळ म्हणून पाहत. मराठीत अभ्यासण्यासारखे आहे तरी काय, या प्रश्नाला त्यांच्याकडे संतसाहित्य हे तयार उत्तर होते. मराठी विद्यापीठात शिरली ती अशी संतांचे बोट धरून, आणि अभ्यासक्रमावर त्याचा ठसा अजून आहे. युरोपातही वेगळे घडले नाही. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र शाखा १८९४ मध्ये आणि आधुनिक युरोपीय भाषांची १९०३ मध्ये सुरू झाली. सगळीकडे जिवंत भाषांना प्रतिष्ठा हवी होती, म्हणून त्यांनी मृत भाषांची रीत उचलली: व्याकरण, जुने पाठ, व्युत्पत्ती, संदर्भासह स्पष्टीकरण. बोलण्याला तिथे फारशी जागा नव्हती.

नागपूर विद्यापीठाने दोन वेगळ्या गोष्टी केल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदी आणि मराठी ही पदवी शिक्षणाची माध्यमे करण्यात त्याने देशात पुढाकार घेतला. भाषेचा अभ्यास आणि भाषेतून अभ्यास यांतले अंतर तेव्हा उघडे पडले. मराठी वाङ्मय शिकवायला मराठी पुरी पडत होती. रसायनशास्त्र शिकवायचे म्हटले की परिभाषा हवी. ती घडवण्यासाठी डॉ. रघुवीर नागपुरात बसले आणि संस्कृत धातूंपासून हजारो शब्द तयार करू लागले. जनतेच्या भाषेत ज्ञान आणायचे आणि त्यासाठी जनतेला न कळणारे शब्द घडवायचे, हा पेच नागदेवांच्या म्हाताऱ्यांनी लगेच ओळखला असता. रघुवीरांचे काही शब्द रुळले, बरेचसे विनोदाचा विषय झाले.

दुसरी गोष्ट जास्त खोल. वि. भि. कोलते हे महानुभाव साहित्याचे संशोधक आणि मराठीचे प्राध्यापक. १९६६ ते १९७२ या काळात ते याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ प्रत हरवल्यानंतर हा ग्रंथ आठवणींतून पुन्हा उभा केला गेला असल्याने त्याचे अनेक पाठ आहेत. संपादकाला त्यांतून निवड करावी लागते. कोलत्यांनी स्वीकारलेल्या काही भागांवर महानुभावीयांनी तीव्र आक्षेप घेतले. त्यांच्या दृष्टीने हे ईश्वराचे चरित्र आहे. कोणती लीळा खरी हे परंपरा ठरवते, पाठभेदांची तुलना नव्हे. संशोधकाच्या दृष्टीने सर्व हस्तलिखिते समान साक्षीदार असतात.

इथे कोणाची बाजू घ्यावी? विद्यापीठाच्या बाजूने एवढे तर नक्की म्हणावे लागते की जे चक्रधरांनी सर्वांसाठी मराठीत सांगितले ते सर्वांना वाचता यावे, यात चक्रधरांचाच हेतू पुरा होतो. परंपरेच्या बाजूने असे की ज्यांनी पाचशे वर्षे पोथ्या जपल्या त्यांना केवळ ‘माहिती देणारे’ मानणे अन्यायाचे आहे, शिवाय त्यांचे वाचन हेही वाचनच आहे: ते पाठ निवडत नाहीत, त्यात राहतात. पण वाद न्यायाने सुटतो तो पुरावा मांडून, म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेला पाठभेद छापण्याचा हक्क सोडता येत नाही. पहिल्या पक्षाचे पारडे जड आहे. तरी ते पूर्ण झुकत नाही, कारण ‘लीळाचरित्र’ एम.ए.च्या पेपरात आले की त्यातली लीळा दहा गुणांची टीप होऊन बसते, आणि ही हानी श्रद्धावंतालाच सर्वांत आधी दिसते.

पालीच्या बाबतीत हीच घटना उलट दिशेने घडली. महाराष्ट्रात पाली आणली मुख्यतः गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी. श्रीलंका आणि ब्रह्मदेशात ती शिकून येऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवली आणि बुद्धावर मराठीत लिहिले. तेव्हा ती पंडितांची भाषा होती. १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक हरलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पालीचा अर्थ बदलला. शाळेत असताना अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत घेता आले नव्हते. फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी पालीचा कोश आणि व्याकरण यांवर स्वतः काम केले. ते त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापले आहे. दीक्षेनंतर विदर्भातल्या बौद्ध घरांत त्रिशरण आणि पंचशील पालीत म्हटले जाऊ लागले. नागपूर विद्यापीठाच्या पाली-प्राकृत विभागात येणाऱ्या मुलामुलीला त्यामुळे ही भाषा अपरिचित नसते. लहानपणापासून ती कानावर असते, फक्त अर्थ उमगलेला नसतो. मराठीच्या विद्यार्थ्याला अर्थ येतो आणि नियम शिकावे लागतात. पालीच्या विद्यार्थ्याला ध्वनी येतो आणि अर्थ शिकावा लागतो. बुद्धाची ‘स्वतःची भाषा’ इथे विचित्र वळण घेते: जी पाली कोणाचीच बोली उरली नव्हती तिला एका समाजाने संस्कृत नाकारले गेल्याच्या आठवणीतून आपली म्हटले. स्वतःची भाषा जन्माने मिळते तशी निवडूनही घेता येते, हे उत्तर चुल्लवग्गात नव्हते.

राहिली झाडीबोली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह मांडला, तिची साहित्य संमेलने भरू लागली, नाटके तर आधीपासून दंडार या लोकनाट्यात आणि मंडईच्या जत्रेत होतीच. विद्यापीठात ती ‘बोलीविज्ञान’ या प्रकरणात येते: तिच्याविषयी लिहायचे, तिच्यात नव्हे. ‘प्रमाणभाषा’ हा मराठी शब्द इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. दर्शनांत प्रमाण म्हणजे खऱ्या ज्ञानाचे साधन: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. प्रमाणभाषेत न बोलणारा मनुष्य त्या शब्दाच्या बळावर नकळत ज्ञानाच्याच बाहेर ठेवला जातो. सोयीसाठी एक सामायिक लेखनभाषा हवी, हे कोणी नाकारत नाही. चार जिल्ह्यांच्या उत्तरपत्रिका एकाच नियमाने तपासायच्या असतात. पण सोय ही सोय म्हणून सांगितली तर तिचा भार हलका होतो. भाषाशिक्षणाच्या आधुनिक पद्धती, ज्यांत संवादावर आणि शिकणाऱ्याच्या घरच्या भाषेवर भर असतो, त्या बी.एड.च्या वर्गात शिकवल्या जातात. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या भाषाविभागांत परीक्षेची रीत अजून पाठ आणि टिपांचीच आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. एकोणिसाव्या शतकात ‘अभिजात नाही’ म्हणून अडवलेली मराठी आणि ती ज्यांच्यातून वाढली त्या प्राकृतांचे कुळ एकाच दिवशी एकाच रकान्यात आले. पतंजलीने गायीसाठी शुद्ध शब्द ‘गौः’ सांगून त्याचे अपभ्रंश मोजले आहेत, त्यांत पहिला आहे ‘गावी’. पालीत गायीला ‘गावी’च म्हणतात. त्यामुळे एकाच विद्यापीठात संस्कृतच्या पेपरात ‘गावी’ लिहिणाऱ्याचे गुण जातात, आणि पालीच्या पेपरात तेच बरोबर उत्तर असते.